स्पेलिंग पाठ करतंय पण टिकत नाही, डोळ्यांनी शब्द लक्षात ठेवायची पद्धत कुणी वापरलीय का?

उदगीरची_आई

नमस्कार सगळ्यांना. मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यम. अभ्यासात तसा बरा आहे, पाढे तोंडपाठ, गणित आवडतं, पण इंग्लिश स्पेलिंगचं काही केल्या जमेना. शाळेत दर शनिवारी दहा शब्दांची टेस्ट असती. शुक्रवारी रात्री लेकरू घरभर फिरत फिरत पाठ करतंय, बी ई सी ए यू एस ई बिकॉज, एफ आर आय ई एन डी फ्रेंड, आणि शनिवारी बऱ्यापैकी मार्क पण पडतात. पण सोमवार-मंगळवारी तेच शब्द वाक्यात लिही म्हटलं की गेलं सगळं. फ्रेंडमधला आय गायब. स्कूल लिहिताना सुरुवातीलाच आय लावतंय कारण आमच्याकडं सगळे इस्कूलच म्हणतात. पेन लिहायला सांगितलं तर पी-ए-एन.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणा असा होमवर्क असतो, तो ते करतोय पण कसं, तर आधी सगळे एफ एकाखाली एक लिहून काढतो, मग सगळे आर, मग सगळे आय, असं करून पान भरतो. म्हणजे शब्द असा त्यानं एकदाही लिहिलेलाच नसतो.

माझं शिक्षण बारावीपर्यंत, मराठीतूनच. हे मोंढ्यात आडतीवर असतात, यायला रात्र होती, म्हणजे बघायचं मलाच. शेजारच्या एका ताईंनी सांगितलं की लेकराला शब्दाचा फोटो डोळ्यासमोर ठेवायला शिकवा, पाठ करून काही होत नाही. इथं असाच एक फोटोग्राफिक मेमरीचा क्लास पण निघालाय, फी आम्हाला जड आहे पण उपयोग होणार असंल तर कसंही करून भरू. तर मला एवढंच विचारायचं की असं डोळ्यांनी शिकवता येतं का, घरी जमंल का, आणि मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ पण लईच चुकायलंय, त्याला बी हेच चालतं का?

हिंगोलीचे_गुरुजी

ताई, आधी फी भरू नका. घरी जमण्यासारखं आहे, रोजची दहा-पंधरा मिनिटं लागतील आणि खर्च म्हणाल तर एक लाल पेन.

पाठ केलेलं का टिकत नाही ते आधी सांगतो. बी ई सी ए हे लेकराच्या तोंडात बसतं, हातात नाही. आपल्याला आरती येते पण मधल्याच कडव्यातला एखादा शब्द विचारला तर आरती पहिल्यापासून म्हणत यावं लागतं, तसंच त्याचं होतं. टेस्टमध्ये नुसते शब्द असतात म्हणून मनात म्हणून लिहून टाकतो, पण वाक्य लिहिताना डोकं वाक्यात गुंतलेलं असतं, तिथं म्हणत बसायला वेळ कुठला. आणि दहा वेळा लिहिण्याचं म्हणाल तर शब्द समोर दिसत असताना लिहिणं म्हणजे नक्कल झाली, आठवणं झालंच नाही. आठवावं लागलं तरच ते पक्कं होतं, ही या सगळ्यातली खरी गोष्ट आहे.

ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळांत कित्येक वर्षांपासून एक पद्धत चालत आलीय, मी वर्गात तिला बघ, म्हण, झाक, लिही, ताडून बघ असं म्हणतो. नाव सोपं आहे म्हणून लोक घाईघाईत उरकतात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही. सगळा जीव 'बघ' मध्ये आहे. आता फ्रेंडच घ्या. आधी शब्द तोंडानं हळू म्हणायचा आणि कोणता आवाज कोणत्या अक्षरानं लिहिलाय ते लेकरानं बोट ठेवून दाखवायचं. एफ बरोबर, आर बरोबर, ई, एन, डी, सगळे आपापल्या आवाजाला हजर आहेत. एक आय मात्र उगं मधे येऊन बसलाय, त्याचा आवाजच नाही. आमच्या वर्गात त्याला खोडकर अक्षर म्हणतात. लाल पेननं तेवढंच अक्षर लिहायचं, बाकी शब्द साध्या पेन्सिलनं. सगळा शब्द रंगीबेरंगी केला तर लेकराला नुसते रंग दिसतात. स्कूलमध्ये खोडकर कोण, तर एच. बिकॉजमध्ये ए-यूची जोडी.

मग डोळे मिटायला सांगा आणि मधूनच विचारा, आर नंतर कोण? शेवटून दुसरं कोणतं? लाल अक्षर कुणाच्या शेजारी बसलंय? उंच अक्षरं किती, रेषेच्या खाली लोंबणारं कुणी आहे का? ही उत्तरं म्हणत न बसता आली तर समजा शब्द डोळ्यासमोर आलाय. नाही आली तर परत बघू द्या, रागावू नका. मग शब्द झाकायचा आणि पूर्ण शब्द एका दमात लिहायचा, मधे एकदा पण डोकावायचं नाही. ताडून त्यानंच बघायचं, तुम्ही नाही. चुकला तर खोडरबरानं एक अक्षर बदलू देऊ नका, तो शब्द सोडून द्यायचा आणि पहिल्यापासून बघ, म्हण, झाक. वहीच्या पानाला उभ्या घड्या घातल्या की काम सोपं होतं, पहिल्या पट्टीत शब्द, तो घडीत लपवून दुसऱ्या पट्टीत लिहायचा, उघडून ताडायचं, मग तिसऱ्या पट्टीत.

दुसरं म्हणजे दहाचे दहा शब्द शुक्रवारी रात्री करू नका. सोमवारपासून रोज दोन-तीन घ्या आणि जुने परत आणा, दुसऱ्या दिवशी, मग एक दिवस सोडून, मग पुढच्या आठवड्यात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं आणि उजळणी दिवसांत वाटून केली तर कमी मेहनतीत टिकतं. थोडं विसरायला लागल्यावर आठवलं की जास्त पक्कं बसतं.

आणि पेनचं पी-ए-एन होतं ती विसरभोळेपणाची चूक नाही, उलट लेकरू विचार करायलंय. ज्या अक्षराला आपण ए म्हणतो त्याचा आवाज बहुतेक वेळा ॲ, ज्याला ई म्हणतो त्याचा आवाज ए, आणि ज्याला आय म्हणतो त्याचा इ. त्याला पेनमध्ये ए ऐकू आला, त्यानं ए नावाचं अक्षर लिहिलं. मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच असतो, क म्हणजे क. इंग्लिशमध्ये तसं नाही, 26 अक्षरं आणि साधारण 44 आवाज. तेव्हा अक्षरांची नावं थोडे दिवस बाजूला ठेवून आवाज पक्के करा, बॅट, बेट, बिट, बॉट, बट असे एकाच अक्षरानं बदलणारे शब्द रोज लिहून घ्या. हे न करता नुसतं डोळ्यांनी शिकवलं तर प्रत्येक शब्द नव्यानं पाठ करावा लागतो, आणि भाषेत शब्द काय थोडे असतात का.

धाराशिव_गृहिणी

गुरुजी, किती छान समजावलंत. मी एक व्हिडिओ बघितला होता, त्यात सांगितलं होतं की शब्दाचं कार्ड लेकराच्या डोळ्यांच्या वर आणि डाव्या हाताला धरायचं, कारण आठवताना डोळे वर डावीकडे जातात, मग डोळे मिटून शब्द मनाच्या पडद्यावर बघायचा आणि उलटा म्हणायचा, म्हणजे शेवटच्या अक्षराकडून पुढं. उलटा म्हणता आला म्हणजे खरंच दिसायलाय, पाठ केलेलं नाही. माझ्या मुलीला, तिसरीत आहे ती, ते उलटं म्हणायला लई मजा येती. हे बरोबर आहे का?

अंबाजोगाई_समुपदेशक

अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांसोबत काम करते म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

धाराशिवच्या ताई, डोळे वर-डावीकडे फिरवले की आठवतं याला संशोधनात आधार मिळालेला नाही. कार्ड कुठंही धरा, समोर, खाली, फरक पडत नाही. त्या पद्धतीत उपयोगाचं काय आहे तर मूल थांबतं, शब्दाकडून नजर काढतं आणि न बघता आठवायचा प्रयत्न करतं, म्हणजे गुरुजींनी सांगितलं तेच. उलटं म्हणणं चार-पाच अक्षरी शब्दाला पडताळणी म्हणून चांगलं आहे, मुलीला मजा येत असेल तर जरूर करा. पण ज्या मुलाला आधीच अक्षरांचा क्रम धरून ठेवायला त्रास होतो त्याला रोज उलटं म्हणायला लावलं तर बिचारं रडकुंडीला येतं, त्याच्यासाठी तो हट्ट नको.

आता उदगीरच्या ताईंचा मुख्य प्रश्न, शब्दाचा फोटो निघतो का. घरीच बघा. एका कागदावर बास्केट शब्दाची सहा अक्षरं नीट क्रमानं लिहा, दुसऱ्या कागदावर टी-के-बी-एस सारखी कोणतीही सहा व्यंजनं वेडीवाकडी लिहा. दोन्ही सारखाच वेळ दाखवा आणि झाकून लिहायला सांगा. बास्केट येईल, दुसरं बहुतेक येणार नाही. डोळे जर फोटो काढत असते तर दोन्ही सारखंच आलं असतं, सहा अक्षरं इथं पण आणि सहा तिथं पण. बास्केट आलं कारण ते तोंडानं म्हणता येतं, प्रत्येक अक्षराला आवाजाची खुंटी मिळाली. लिनिया एहरी या अमेरिकन संशोधक बाईंचं बरंच काम याच विषयावर आहे, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शब्दातली अक्षरं त्या शब्दाच्या आवाजाला चिकटतात आणि म्हणून पुढं तो शब्द बघताक्षणी ओळखू येतो. बघणाऱ्याला वाटतं डोळ्यांची कमाल आहे. उटा फ्रिथ यांनी 1985 मध्ये टप्पे मांडले होते, मूल आधी शब्द चित्रासारखा ओळखतं, दुकानाची पाटी ओळखतो तसा, मग आवाजावरून लिहायला लागतं आणि त्याच्या पुढं जाऊन भाषेच्या लिहिण्याच्या सवयी त्याला कळतात. तुमचा मुलगा मधल्या टप्प्यावर आहे, इस्कूल आणि पेनच्या चुका त्याच टप्प्याच्या आहेत आणि त्या चांगल्या चुका आहेत.

म्हणून फोटोग्राफिक मेमरी शिकवतो म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका, ताई. तशी स्मरणशक्ती क्लास लावून तयार करता येते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. डोळ्यांचा उपयोग नक्की आहे, पण आवाजानं न सुटणाऱ्या तेवढ्याच जागेसाठी, म्हणजे ते लाल अक्षर.

तुम्हाला दोन-तीन गोष्टी विचारते. वाचन कसं आहे, मराठी आणि इंग्लिश दोन्ही? बी-डी उलटे लिहितो का? फळ्यावरचं उतरवून घेताना मागं राहतो का? घरात अजून कुणाला लिहिण्या-वाचण्याचा असा त्रास होता का?

उदगीरची_आई

मॅडम, मराठी वाचतो पण बोट ठेवून आणि हळू, जोडाक्षर आलं की अडतो. बी-डी अजून उलटे होतात. फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतो, मी म्हणते बोलत बसतो म्हणून तर तो म्हणतो मला नीट दिसत नाही मागून. याचे काका पण लहानपणी असेच होते असं सासूबाई म्हणतात. काळजी करण्यासारखं आहे का?

अंबाजोगाई_समुपदेशक

घाबरू नका, पण दोन कामं लांबवू नका. पहिलं, डोळे तपासा. मागून दिसत नाही असं लेकरू स्वतः सांगतंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, ते कधी येणार मुख्याध्यापकांना विचारा, नाहीतर सरळ सरकारी दवाखान्यात नेत्रविभागात दाखवा. कान पण बघून घ्या, सर्दीचा कान वाहत असेल तर बारीक आवाजातला फरक मुलाला कळत नाही आणि ते स्पेलिंगमध्ये उतरतं.

दुसरं, डोळे-कान ठीक निघाले, गुरुजींच्या पद्धतीनं काही महिने नेमानं काम केलं आणि तरीही वाचन अडखळतच राहिलं तर जिल्हा रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशारी असूनही वाचायला-लिहायला जड जाण्याची, तपासणी करून घ्या. नुसत्या बी-डीवरून काही ठरत नसतं, ते बऱ्याच मुलांचं लहान वयात होतं आणि जातं. पण हळू वाचन, जोडाक्षराला अडणं, घरात कुणाला तसाच त्रास, हे सगळं एकत्र असलं तर तपासलेलं बरं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर पुढं बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. आणि याचा हुशारीशी काही संबंध नाही, गणित चांगलं आहे असं तुम्हीच लिहिलंय.

बी-डीसाठी दोन्ही हाताच्या मुठी समोर धरून अंगठे वर करायला शिकवा, डावी मूठ बी, उजवी डी, मधे बेड म्हणजे पलंग तयार होतो, डावीकडून बी-ई-डी. परीक्षेत सुद्धा बाकाखाली हात धरून बघता येतं.

बीड_हंगामी_वसतिगृह

आमच्याकडं वेगळीच अडचण असती. ऊसतोडीला आईबाप गेले की लेकरं गावात राहावीत म्हणून वसतिगृह चालतं, त्यात मी संध्याकाळचा अभ्यास घेतो. दिवाळीनंतर काही लेकरं तरी जातातच कारखान्यावर, परत येतात तेव्हा पाडवा जवळ आलेला असतो आणि आधीचं सगळं पुसलेलं. वही-पेन्सिलचा कंटाळा येतो त्यांना. मग आम्ही ओट्यावर खडूनं हातभर मोठा शब्द लिहितो आणि लेकरू बोटानं गिरवतं, गिरवताना शब्द आवाजात म्हणतं, अक्षरांची नावं नाही तर आवाज, एफ्फ, र्र, ए असं. नंतर डोळे मिटून हवेत लिहायचं, मग पाटीवर. मी हे असंच सुरू केलं होतं, पुढं डीएडच्या एका मॅडमनी सांगितलं की अमेरिकेत ग्रेस फर्नाल्ड नावाच्या बाईंनी शंभर एक वर्षांपूर्वी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी बोटानं गिरवायचीच पद्धत बसवली होती. ताटात राख किंवा बारीक वाळू पसरून पण होतं, थंडीत ओट्यावर बसवत नाही तेव्हा आम्ही तेच करतो.

दुसरं एक, शब्द लेकराच्या जगातले घ्या. आमच्या लेकरांना शुगर शब्द लगेच येतो कारण कारखान्याच्या गेटवर, ट्रकवर, पोत्यावर तोच असतो. त्यात खोडकर अक्षर एस आहे, श चा आवाज काढतंय पण सोबत एच नाही. एकदा शुगर बसला की त्याच्या मागून शुअर लगेच बसतो. खताच्या पोत्यावरचं, बियाण्याच्या पिशवीवरचं, ट्रॅक्टरवरचं इंग्लिश लेकरं दिवसभर बघतात, तिथूनच शब्द उचलावेत. लायब्ररी आणि एलिफंट नंतर बघू.

भिंतीवर आम्ही फक्त चुकणारे शब्द लावतो, मोठ्या अक्षरात, आणि पक्का झाला की ते पान लेकरानंच काढायचं. कायमचे लावून ठेवलेले तक्ते कुणी बघत नाही.

नांदेड_इंजिनिअर

सगळ्यांची मेहनत दिसते पण मोबाईल-कॉम्प्युटर स्पेलिंग आपोआप दुरुस्त करतात आता. चौथीतल्या पोराला एवढं पिळण्यापेक्षा इंग्लिश बोलायला शिकवलं तर जास्त फायदा नाही का?

हिंगोलीचे_गुरुजी

बोलायला शिकवावंच, दुमत नाही. पण फॉर्मच्या जागी फ्रॉम लिहिलं तर मोबाईल बऱ्याचदा काही बोलत नाही, दोन्ही खरे शब्द आहेत. आणि मोबाईलनं सुचवलेल्या चारातला बरोबर कोणता हे निवडायला सुद्धा शब्द ओळखता यावा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याला शब्दातली अक्षरं पक्की माहीत आहेत त्याचं वाचन वेगानं होतं, स्पेलिंग आणि वाचन एकाच ज्ञानावर चालतं. पिळायचं कुणालाच नाही, रोजची दहा मिनिटं आहेत.

जालना_निवृत्त_मराठी_शिक्षक

ताईंचा मराठीचा प्रश्न राहूनच गेला, त्यावर लिहितो. मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाला डोळ्यांवर सोडू नका, तिथं नियम आहेत आणि थोडेच आहेत. 1962 साली शासनानं मान्य केलेले 14 आणि 1972 मध्ये वाढवलेले 4, एवढ्यावरच आपलं लेखन चालतं. चौथीतल्या मुलाला त्यातले तीनच पुरतात.

शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला तर तो दीर्घ, पाटी, वाळू, चाकू, कवी, गुरू. आणि, परंतु असे मोजके अपवाद आहेत ते लाल पेननं. दुसरा, शेवटचं अक्षर साधं अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इ-उ दीर्घ, वीट, सून, ऊस, गरीब, वकील. तिसरा मुलांना फार आवडतो, त्याच शब्दाला प्रत्यय लागला की तो दीर्घ ऱ्हस्व होतो, ऊस पण उसाचा, वीट पण विटेला, सून पण सुनेला, गरीब पण गरिबाला. रोज जेवताना एक शब्द तुम्ही म्हणा आणि त्यानं त्याला ला, ची, नं लावून दुसरं रूप लिहून दाखवायचं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष, मंदिर, मधुर हे दुसऱ्या नियमात बसत नाहीत, ते मात्र बघूनच लक्षात ठेवावे लागतात, तिथं तुमची डोळ्यांची पद्धत चालेल.

डोळ्यांचं खरं काम आपल्या लिपीत दुसरीकडं आहे. र बघा किती रूपं घेतो, सूर्यात डोक्यावर रफार, प्रकाशात पोटात तिरपी रेघ, ट्रकमध्ये पायाशी, दुसऱ्यात वेगळाच. आणि फरकानं अर्थ बदलतो, आचार्यांना नमस्कार करतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगतात. जोडाक्षराला अडतो म्हणालात ना, त्याला जोडाक्षर फोडून दाखवा, वरचं कोण, खालचं कोण, आधी तोंडात कुणाचा आवाज येतो. पहिली वेलांटी सुद्धा फसवते, लिहिताना अक्षराच्या आधी दिसते, बोलताना नंतर येते. कि लिहिताना मुलाला मुद्दाम आधी क काढायला लावा आणि मग वेलांटी.

इंग्लिशबद्दलही एक सांगावंसं वाटतं. मुलं विचारतात की आवाजच नाही तर ते अक्षर लिहायचं कशाला, आणि आपण गप्प बस म्हणतो. त्यांना कारण सांगा. नाइफ, नी, नो यातला के पूर्वी इंग्रज खरोखर म्हणायचे. नाइटमधल्या जी-एचचाही घशातून आवाज काढायचे. 1476 मध्ये कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला, पुढं छापण्यामुळं स्पेलिंगं हळूहळू एका जागी ठरत गेली पण लोकांचं बोलणं बदलतच राहिलं. डेटमधला, म्हणजे कर्ज अर्थाचा शब्द, त्यातला बी तर विद्वान लोकांनी मुद्दाम घातला, लॅटिनमधल्या मूळ शब्दात बी होता म्हणून, त्याआधी इंग्रज तो बी नसतानाच लिहायचे. हे ऐकल्यावर ते अक्षर कुणी विसरत नाही, माझा वर्गातला अनुभव आहे. घरी मुद्दाम के-नाइफ, के-नी असं म्हणून घ्या, वेन्सडेला वेड-नेस-डे म्हणून घ्या. लिहिण्यापुरता असा उच्चार मनात ठेवला की हात चुकत नाही.

उदगीरची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मनापासून कुणी सांगत नाही. डोळे तपासून आणले, दूरचा नंबर निघाला, चष्मा करायला टाकलाय आणि बाईंना सांगून पुढच्या बाकावर बसवलंय. जोडाक्षराचं सरांनी सांगितलं तसं फोडून घ्यायलेय, वाचनाचं मॅडमनी म्हटल्याप्रमाणं अजून काही महिने बघते आणि मग तपासणीचं ठरवते. क्लासचा विषय सोडून दिला.

घडीचा कागद त्याला आवडलाय, खोडकर अक्षर शोधायचं तर विचारूच नका, आता दुकानाच्या पाट्यावर पण शोधत बसतंय, काल मेडिकलवर उभं राहून विचारलं की टॅब्लेटमध्ये कोण खोडकर आहे. बिकॉज आणि फ्रेंड आठवडाभरानं विचारले, बरोबर लिहिले, आणि बडबडून नाही, सरळ लिहिले.

एक अडलंय. या शनिवारच्या यादीत हिअर, देअर, व्हेअर आहेत आणि त्यांचा म्हणजे त्या लोकांचा, तो देअर पण आहे. दोन्ही देअरचा आवाज सारखाच, मग खोडकर कोण म्हणून सांगू? दोन्ही एकत्र शिकवले तर लईच गोंधळायलाय.

हिंगोलीचे_गुरुजी

चष्म्याचं वाचून बरं वाटलं ताई.

एकत्र शिकवूच नका. सारखे वाटणारे शब्द एकाच दिवशी घेतले की लेकराला दोन्ही आठवतात पण कोणता कुठला ते आठवत नाही. आज आणि उद्या फक्त जागेवाले तीन घ्या. हिअर म्हणजे इथं, एच-ई-आर-ई. त्याच्या पुढं टी लावला की तिथं, डब्ल्यू लावला की कुठं. तिन्ही एकाखाली एक असे लिहा की एच-ई-आर-ई बरोबर एका रेषेत येईल, आणि त्या चार अक्षरांभोवती लाल चौकट करा. तिन्ही जागेचे शब्द, तिघांच्या पोटात हिअर, हे त्यालाच शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

लोकांचा देअर दोन दिवसांनी, आणि त्याला दे सोबत शिकवा, ते लोक या अर्थाचा दे, टी-एच-ई-वाय. ते चं त्यांचा झालं की वाय जाऊन तिथं आय येतो आणि शेवटी आर. खोडकर तो आय. वाक्य पण त्याच्या ओळखीचं द्या, ते शेतकरी आहेत, त्यांचा बैल तिथं आहे, म्हणजे दे, देअर आणि देअर तिन्ही एका वाक्यात येतात. शुक्रवारी हे वाक्य तुम्ही मराठीत म्हणा आणि त्याला इंग्लिशमध्ये लिहायला लावा, शब्द सुटे विचारू नका. बैलाचं स्पेलिंग अडलं तर ओएक्स, तीन नाही दोनच अक्षरं आहेत, ते तो ऐकूनच लिहील.